वऱ्हाडच्या उन्हात ‘डूम’

डिसेंबर १९९३ मध्ये आलेला ‘डूम’ हा खेळ ३८६ प्रोसेसर आणि ४ एमबी रॅमवर चालायचा. आज घरोघरी त्याच्या हजारपट रॅम असलेले कॉम्प्युटर आहेत, तरी त्यांवर तोच खेळ लावला की कधीकधी पंखा भणभणू लागतो. दोष खेळाचा नसतो, तो चालवणाऱ्या इंजिनाचा असतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, अमरावतीही फार मागे नसते. अशा ठिकाणी खेळ आणि इंजिन यांतला हा फरक समजून घेणे फार कामाचे आहे.

आयडी सॉफ्टवेअरने १९९७ मध्ये डूमचा सोर्स कोड खुला केला आणि चाहत्यांनी त्यातून आपापली इंजिने घडवली. नकाशे, चित्रे आणि आवाज यांची वॅड फाइल तीच राहते, ती वाचून पडद्यावर खेळ उभा करणारा प्रोग्राम बदलतो. ‘चॉकलेट डूम’ मूळ खेळ त्यातल्या चुकांसकट जपतो. ‘डीएसडीए-डूम’ कमीत कमी वेळात खेळ संपवणाऱ्यांचे आवडते. ‘जीझेडडूम’ सगळ्यांत ऐसपैस: नवे प्रकाश, नवी शस्त्रे, मॉडसाठी स्वतःची स्क्रिप्ट भाषा.

मूळ चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचे, म्हणजे ६४,००० ठिपके आणि प्रत्येकाला एक बाइट. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० ठिपके येतात, प्रत्येकाला सहसा चार बाइट. एका चित्रामागे हा जवळपास १३० पट पसारा झाला. चॉकलेट डूम लहान चित्र काढून शेवटी ते फक्त मोठे करते. जीझेडडूम पूर्ण आकाराचे चित्र ग्राफिक्स चिपकडून काढून घेते. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल तर प्रोसेसर सुटतो. जुन्या ऑफिसातून आलेल्या मशीनमध्ये मात्र ती चिप बहुधा प्रोसेसरच्याच पोटात असते, तीच रॅम वापरते आणि तोच हीटसिंक तापवते.

तरीही माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. डूमचे राक्षस, गोळ्या, दरवाजे सेकंदाला ३५ वेळाच हलतात. चॉकलेट डूम तेवढीच चित्रे काढते आणि मधल्या वेळात प्रोसेसरला झोपू देते. नवी इंजिने मधल्या जागा भरून ६०, १४४ किंवा बेलगाम चित्रे काढू शकतात. चित्रांची मर्यादा काढून टाकली की साधे इंजिनही एक कोर अखंड राबवते. इंजिन बदलण्याआधी ही एक सेटिंग बघा; बऱ्याच मशीनचा पंखा तेवढ्यानेच शांत होतो.

टास्क मॅनेजरमधला आकडाही जपून वाचावा. चार कोरच्या प्रोसेसरवर एक कोर पूर्ण राबत असला तरी तिथे २५ टक्केच दिसतात आणि आपण इंजिनाला हलके समजून बसतो.

हीटसिंक आतली उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. २५ अंशांच्या खोलीत ७५ वर राहणारा प्रोसेसर, तेवढेच काम करताना ४२ अंशांच्या खोलीत नव्वदीपलीकडे जातो. शंभरीच्या आसपास बरेच प्रोसेसर स्वतःचा वेग कापतात आणि खेळ अडखळतो. त्यात जिनिंगच्या भागात हीटसिंकवर धुळीसोबत कापसाचे तंतू बसले असतील तर विचारायलाच नको. लाईन गेली की प्रत्येक जादा वॅट इन्व्हर्टरच्या बॅटरीतून जातो, तो हिशेब निराळाच.

तुलना करायची तर नकाशा, रिझोल्यूशन आणि चित्रांची मर्यादा सगळीकडे सारखी ठेवावी. डूमची ‘टाइमडेमो’ ही आज्ञा खेळाची नोंद, म्हणजे डेमो, शक्य तितक्या वेगाने पळवते. त्यातून इंजिनाची ताकद कळते, रोजच्या खेळातला खर्च नाही. शिवाय जीझेडडूममध्ये मूळ डेमो चालतच नाही, म्हणून त्याचा आकडा इतरांच्या शेजारी मांडता येत नाही. २००१ च्या ‘नट्स’ नकाशात दहा हजारांहून अधिक राक्षस आहेत. तिथे चित्रापेक्षा प्रत्येक राक्षसाच्या हालचालीचा हिशेब जड जातो आणि एका कोरचा वेग निकाल ठरवतो.

खर्च मोजायला साधा खेळच बरा. मूळ फाइली नसतील तर ‘फ्रीडूम’ फुकट आणि कायदेशीर मिळतो. दुपारी तीनला, कूलर बंद ठेवून, प्रत्येक इंजिनावर एकच नकाशा अर्धा तास चालवा आणि प्लगला लावलेल्या वीजमीटरवरचे वॅट व प्रोसेसरचे तापमान लिहून ठेवा. डिसेंबरातल्या सकाळी घेतलेला आकडा मे महिन्यात उपयोगी पडत नाही.