हंगाम संपला, आता खेळ सुधारा

मैदान आणि ऋतू : लेखांक ९

गोल्फवरचं कुठलंही अमेरिकी किंवा इंग्रजी पुस्तक उघडा, हिवाळ्यात काय करावं यावर एक प्रकरण त्यात हमखास सापडतं. तिकडे बर्फ पडतो, मैदानं बंद होतात आणि माणसं गॅरेजमध्ये जाळी बांधून चेंडू मारत बसतात. सोलापूरकराला हे प्रकरण उलटं वाचावं लागतं. आपल्याकडे कार्तिक ते माघ हेच तर खेळायचे दिवस. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली असते, शेतात हुरडा आलेला असतो, आणि आपले हौशी गोल्फवाले अंधार असतानाच गाडी काढून अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याची वाट धरतात. सुट्टी सुरू होते ती पुढे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, म्हणून निम्मं खेळणं बंद. मृगाचा पाऊस पुण्यावर उतरला की उरलेलं निम्मंही बंद. आपल्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात, त्यामुळे दसऱ्याशिवाय पिशवी बाहेर निघत नाही.

मागच्या आठवड्यात आपण कांगा लीगबद्दल वाचलं. मुंबईच्या क्रिकेटने १९४८ पासून भर पावसात स्पर्धा भरवली आणि ओल्या खेळपट्टीवर फलंदाज घडवले. गोल्फला हे सहज जमत नाही, आणि त्याचं कारण मातीत आहे.

गोल्फच्या मैदानात दोन तऱ्हेची जमीन असते. भोक असतं ते ग्रीन, आणि तिथवर नेणारा लांबलचक पट्टा म्हणजे फेअरवे. नीट बांधलेलं ग्रीन म्हणजे जवळजवळ एक गाळणीच असते. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात वर साधारण ३० सेंटिमीटर वाळूचा थर, त्याखाली १० सेंटिमीटर खडी आणि त्याखाली पाणी वाहून नेणारे पाइप असतात. पाऊस थांबला की असं ग्रीन लवकर निथळतं. फेअरवेला मात्र असा थाट परवडत नाही; तिथे जी मूळ जमीन असेल तीच. दख्खनची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे सोलापूरच्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. फुगलेल्या मातीत उंचावरून पडलेला चेंडू रुतून बसतो. रुतलेला चेंडू दंडाशिवाय उचलून बाजूला टाकायची मुभा नियम देतात; पण दर फटक्याला हेच करावं लागलं तर तो खेळ कसला?

त्यात गवताची भर. उष्ण प्रदेशांतल्या मैदानांवर ज्याला बर्म्युडा म्हणतात, ती आपली हरळीच. गणपतीला दूर्वा म्हणून वाहतो ती, आणि ज्वारीच्या रानात शिरली की शेतकऱ्याच्या नाकी नऊ आणते तीही हीच. पावसाळ्यात ती इतकी झपाट्याने वाढते की कापणी दोन दिवस चुकली तरी चेंडू दिसेनासा होतो, आणि ओल्या जमिनीवर कापणी यंत्र घालावं तर चाकांचे चर पडतात. चार महिने मैदानाला विश्रांती द्यावी लागते ती अशी.

मैदान विश्रांती घेत असताना खेळाडूने काय करावं?

याचं उत्तर गोल्फच्या दोन मोठ्या खेळाडूंनी आपल्या खेळातून दिलं आहे. टायगर वुड्सने १९९७ ची मास्टर्स स्पर्धा तब्बल १२ फटक्यांच्या फरकाने जिंकली तेव्हा तो २१ वर्षांचा होता. त्यानंतर त्याने प्रशिक्षक बुच हार्मन यांच्यासोबत आपला स्विंग मोडून नव्याने बांधायला घेतला. १९९८ मध्ये अमेरिकी दौऱ्यावर त्याला एकच स्पर्धा जिंकता आली आणि टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं. पुढे १९९९ मध्ये आठ विजेतेपदं, २००० मध्ये नऊ, आणि २००१ च्या मास्टर्सनंतर चारही प्रमुख स्पर्धांचे करंडक एकाच वेळी त्याच्या घरात होते. इंग्लंडच्या निक फाल्डोने त्याआधी हेच केलं होतं. १९८५ च्या सुमारास त्याने डेव्हिड लेडबेटर यांच्याकडे स्विंग पार उकलला, दोन वर्षं जवळजवळ कोरडी गेली, आणि १९८७ मध्ये त्याने ब्रिटिश ओपन जिंकली. शेवटच्या दिवशी अठराच्या अठरा भोकांवर पार, म्हणजे प्रत्येक भोकासाठी ठरलेले नेमके तेवढेच फटके!

दोघांनीही काही काळ मुद्दाम वाईट खेळण्याची तयारी दाखवली. नवी सवय रुजताना जुनी मोडते, आणि ती मोडत असताना स्कोअर घसरतोच. हंगामात ही घसरण सोसवत नाही. रविवारी मित्रांबरोबर पैज असते, क्लबची स्पर्धा असते, हँडिकॅपची, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्याची, काळजी असते. मग दोन फटके चुकले की माणूस मुकाट्याने जुन्या सवयीकडे वळतो. पावसाळ्यात स्कोअरच नसतो. हौशी खेळाडूला वाईट खेळण्याची परवानगी वर्षातून एकदाच मिळते आणि ती पाऊस देतो. या चार महिन्यांचं खरं मोल ते.

आता सुधारायचं काय? इथे बहुतेकांची गल्लत होते. पार ७२ च्या मैदानावर हिशेबाने ३६ फटके पटिंगचे (ग्रीनवर चेंडू भोकात घालण्याचे) धरलेले असतात, म्हणजे निम्मे. त्यावरून पटिंग हेच सर्वस्व असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक दौऱ्यावरच्या लाखो फटक्यांचा हिशेब मांडला तेव्हा चित्र वेगळं निघालं. चांगल्या खेळाडूला इतरांवर जी आघाडी मिळते, तिच्यात पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्के. ग्रीनकडे मारलेल्या दूरच्या फटक्यांचा सुमारे ४० टक्के. म्हणून आधी आपलं दुखणं ओळखा. गेल्या हंगामातली चार-पाच स्कोअरकार्डं काढा आणि वाया गेलेल्या प्रत्येक फटक्यापुढे लिहा : चेंडू हरवला, पाण्यात गेला, ग्रीनपाशी दोनदा चुकला, की तीन पट लागले. ज्या रकान्यात सर्वांत जास्त खुणा, तेच या पावसाळ्याचं काम. एकच. दोन गोष्टी एकदम दुरुस्त करायला गेलं की दोन्ही अर्ध्या राहतात.

बऱ्याच हौशी खेळाडूंची पहिली तक्रार एकच असते : उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळत रानात जातो, म्हणजे स्लाइस. चेंडू सुटतो तो ज्या दिशेने काठी फिरली त्या दिशेने, असं पूर्वी शिकवलं जाई. रडारवर चालणारी मोजणीयंत्रं आली आणि कळलं की चेंडू निघतो तो मुख्यतः काठीचं तोंड ज्या दिशेला आहे तिकडे. तोंडाची दिशा आणि काठीचा मार्ग यांत जेवढी फारकत, तेवढं पुढे वळण. म्हणजे स्लाइसवाल्याने जोर वाढवून काही साधत नाही. आधी पकड पाहावी, कारण तोंड उघडं राहण्याचं मूळ बहुधा पकडीत असतं. पकड बदलायला मैदान लागतच नाही. टीव्हीसमोर बसून रोज दहा मिनिटं काठी हातात धरायची, सोडायची, पुन्हा धरायची. पहिला आठवडा ती परकी वाटते, मग हात ओळखू लागतात.

पटिंगसाठी सोलापूरच्या जुन्या घरांत फार चांगलं साधन पायाखालीच आहे. शहाबादी फरशीच्या दोन लाद्यांमधली सांध ही ओळंब्यासारखी सरळ रेघ. सांधेवर चेंडू ठेवा, आठ फुटांवर एक वाटी आडवी ठेवा आणि चेंडू सांध न सोडता वाटीत जातो का पाहा. आठ फूटच का? कारण जगातले उत्तम व्यावसायिकही तेवढ्या अंतरावरून साधारण निम्मेच पट घालतात. भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर. गणित केलं तर आठ फुटांवरून चुकीला जागा उरते ती दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वा अंशाची; तीन फुटांवरून तीच तीन अंशांहून जास्त. सव्वा अंश म्हणजे काय ते नुसत्या डोळ्याला कळत नाही, सांध मात्र लगेच दाखवते. चेंडू पहिल्या दोन फुटांतच सांधेबाहेर गेला तर पटरचं तोंड वाकडं होतं. नुसत्या फरशीवर चेंडू ग्रीनपेक्षा फार वेगाने पळतो, म्हणून वेगाचा अंदाज घ्यायचा तेव्हा पातळ सतरंजी ताणून अंथरा. जाडजूड जेकार्ड चादर त्यासाठी नको. नक्षीचा उठाव चेंडूला वाट सोडायला लावतो.

चादर उपयोगी पडते ती दुसरीकडे. गच्चीवर दोन खांबांमध्ये सैल टांगा आणि तिच्यावर फोमचे चेंडू मारा. खरा चेंडू चुकूनही मारू नका : हौशी खेळाडूच्या ड्रायव्हरवरूनही तो ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे सुटतो आणि शेजाऱ्याच्या खिडकीचा हिशेब आपल्या नावावर लागतो.

सोलापूरची दुसरी ओळख म्हणजे टॉवेल. चादरीबरोबर त्यालाही भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि गोल्फच्या शिकवणीत त्याला मानाची जागा आहे. अंगपुसण्याचा मोठा टॉवेल गुंडाळून छातीवरून आडवा घ्या, दोन्ही टोकं दोन काखांत दाबा आणि छोट्या काठीने अर्धा स्विंग करा. हात छातीला सोडून एकटे पळाले की टॉवेल खाली पडतो. खांदे, छाती आणि हात एकत्र वळले तर जागचा हलत नाही. कंबरेच्या उंचीपर्यंतच काठी न्यायची. पूर्ण स्विंगला हा प्रयोग करू नये, तिथे हात थोडे सुटणं स्वाभाविकच आहे.

यानंतर लय. जॉन नोव्होसेल यांनी नामांकित खेळाडूंच्या स्विंगच्या चित्रफिती चौकट-चौकट मोजल्या तेव्हा एक गंमत आढळली. कुणाचा स्विंग जलद, कुणाचा संथ. पण काठी मागे नेण्याचा वेळ आणि खाली आणून चेंडूला भिडवण्याचा वेळ यांचं प्रमाण बहुतेकांचं तीनास एक. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळणाऱ्याला हे चटकन पटेल. हलगी चढली म्हणून जो घाई करतो, त्याचा पाय चुकतो आणि पूर्ण रांग बिघडते. हौशी गोल्फवाला नेमकी तीच घाई वरून खाली येताना करतो. मोबाइलवर ताल लावून तीन मात्रांत मागे, एका मात्रेत खाली, असं रिकाम्या काठीने दररोज वीस वेळा केलं तरी पुरे.

शरीराकडे दुर्लक्ष नको. कंबरदुखी ही गोल्फपटूंची नेहमीची तक्रार. कमरेच्या मणक्यांची बांधणीच अशी की ते फार थोडे वळतात. खरं वळण छातीच्या मणक्यांतून आणि खुब्यांतून यायला हवं. दिवसभर गादीवर किंवा खुर्चीत बसणाऱ्याचे हेच दोन भाग आखडतात आणि भार कमरेवर येतो. खुर्चीत ताठ बसा, खांद्यांवर मागून काठी धरा, गुडघे न हलवता डावीकडे-उजवीकडे वळा. ज्यांना तालीम जवळ आहे त्यांनी वस्तादांकडून हलक्या मुद्गलाची जोडी फिरवायला शिकावं. मनगट, खांदा आणि पाठ यांना एकत्र काम देणारा असा व्यायाम महागड्या जिममध्येही क्वचित मिळतो. कंबर आधीच दुखत असेल तर मात्र आधी डॉक्टर, मग मुद्गल.

सराव कसा वाटायचा, हेही महत्त्वाचं. १९७९ मध्ये जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. हाताने ठरावीक क्रमाने फळ्या पाडायचे तीन प्रकार लोकांना शिकवले. एका गटाने एक प्रकार घोटून मग दुसरा घेतला, दुसऱ्या गटाने तिन्ही उलटसुलट केले. सरावात पहिला गट सरस दिसला. दहा दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा दुसरा गट पुढे होता. एकाच काठीने शंभर चेंडू मारताना शेवटचे तीस सुरेख जातात आणि आपण खूश होऊन घरी येतो. ती खुशी फार टिकत नाही. म्हणून पुण्याच्या एखाद्या ड्रायव्हिंग रेंजवर जाणं झालं तर दर फटक्याला काठी बदला, लक्ष्य बदला. तो दिवस निराश करील. हरकत नाही, पावसाळा त्यासाठीच आहे.

साहित्याचं काम अर्ध्या तासाचं. पिशवी गाडीच्या डिकीत ठेवू नका, उन्हाने रबरी ग्रिप कडक होऊन घसरू लागते. ग्रिप साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, काठीच्या तोंडावरच्या खाचांतली काळी माती जुन्या टूथब्रशने काढा, हातमोजे सुकवून ठेवा, नाहीतर श्रावणात बुरशी येते.

दसऱ्यानंतर पहिल्यांदा मैदानावर जाल तेव्हा स्कोअर कदाचित गेल्या मोसमापेक्षा वाईटच लागेल. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठांवर हँडिकॅप ठरतो, म्हणजे बारा फेऱ्या बिघडायला वाव आहे. तेवढ्यावर घाबरून जुनी पकड परत आणू नका. कार्डावर एकूण आकड्याखाली जूनमध्ये निवडलेल्या दुखण्याचा आकडा वेगळा लिहा. दिवाळीपर्यंत तो उतरू लागला असेल तर एकूण आकडा त्याच्यामागून येईलच.

पुढील लेखांकात : पावसाळ्यात तालमीचा हौद कसा राखतात, आणि जत्रांच्या कुस्त्यांची तयारी आषाढातच का सुरू होते.