पदार्थांतील ताणाचे दोन साक्षी : प्रकाश आणि उष्णता

इ. स. १९५४ च्या जानेवारीच्या १० व्या तारखेस 'कॉमेट' जातीचें एक इंग्रजी विमान रोमहून लंडनकडे निघालें, आणि थोड्याच वेळांत एल्बा बेटाजवळ आकाशांतच फुटून समुद्रांत पडलें. आंतील ३५ माणसांपैकीं एकहि वांचलें नाहीं. पुढें ८ एप्रिल रोजीं त्याच जातीचें दुसरें विमान नेपल्सजवळ पडून आणखी २१ माणसें प्राणांस मुकलीं. तेव्हां फार्नबरो येथील शास्त्रज्ञांनीं तसल्याच एका विमानाचें धड पाण्याच्या प्रचंड टांकींत ठेविलें, व त्याच्या पोटांत पाण्याचा दाब पुनःपुन्हां चढवून व उतरवून पाहिला. अखेरीस पत्रा फाटला, आणि चीर निघाली ती खिडकीच्या कोपऱ्यापाशीं. तेथें सांचणारा ताण योजकांच्या अंदाजाहून पुष्कळच अधिक होता.

ताण हा असा छुपा असतो. एखादी रुंद पोलादी पट्टी दोहों टोंकांस ओढली तर तिच्या सर्व भागांवर ताण सारखा पडतो. परंतु तिच्या मध्यें एक लहानसें वाटोळें भोंक पाडा, कीं भोंकाच्या कडेवर तोच ताण तिप्पट होतो. पट्टीकडे कितीहि निरखून पाहिलें तरी यांतील कांहींच दिसत नाहीं. मग तो पाहावा कसा?

पहिला साक्षी प्रकाश. काचेवर ताण पडला असतां तींतून जाणाऱ्या किरणाचे दोन भाग होतात व त्यांतील एक दुसऱ्याच्या मागें पडतो, हें डेव्हिड ब्रूस्टर यांनीं सुमारें १८१५ सालीं दाखविलें. ज्याचीं कंपनें एकाच पातळींत होतात अशा प्रकाशास ध्रुवीभूत प्रकाश म्हणतात. असा प्रकाश ताणलेल्या काचेंतून जाऊं देऊन दुसऱ्या ध्रुवकांतून पाहिला, म्हणजे ते दोन भाग पुन्हां एकत्र येतात व इंद्रधनुष्यासारखे रंगीत पट्टे उमटतात. जेथें पट्ट्यांची दाटी, तेथें ताण वेगानें वाढत आहे असें समजावें. क्लार्क मॅक्सवेल यांस तर या रंगांचें वेडच लागलें होतें. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांहून फारसे मोठे नसतांना त्यांनीं घरीं काचेचे तुकडे तापवून थंड केले, त्यांतील रंगांचीं चित्रें काढून निकोल नांवाच्या शास्त्रज्ञास पाठविलीं, व त्यानें प्रसन्न होऊन त्यांस दोन उत्तम लोलक भेट दिले. हा प्रयोग आज घरींहि करितां येतो. संगणकाच्या बहुतेक सपाट पडद्यांतून येणारा प्रकाश मूळचाच ध्रुवीभूत असतो. पडद्यावर पांढरें पान आणून त्यासमोर पारदर्शक प्लॅस्टिकची मोजपट्टी धरावी व पोलरॉईड चष्म्यांतून पाहावें.

दुसरा साक्षी उष्णता. केंडल गांवचे जॉन गॉफ हे अंध गृहस्थ होते. रबराची पट्टी ओंठांस लावून झटकन ताणली असतां ती गरम लागते, असें त्यांनीं १८०५ सालीं लिहून ठेविलें. पोलादाचें वर्तन याच्या उलट. ओढलें असतां तें किंचित् थंड होतें व दाबलें असतां किंचित् तापतें. याचें गणित विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील लॉर्ड केल्व्हिन, यांनीं १८५३ च्या सुमारास मांडलें, व जूल यांनीं तें प्रयोगानें पडताळून पाहिलें. फरक मात्र अतिसूक्ष्म : दर चौरस सेंटिमीटरास १००० किलोग्रॅम एवढा जबर ताण दिला तरी पोलादाचें उष्णतामान एका अंशाच्या सुमारें दहाव्या हिश्शानेंच उतरतें! यामुळें ही साक्ष शंभरांहून अधिक वर्षें जवळजवळ निरुपयोगी पडून राहिली. उष्णतेचे अदृश्य किरण टिपणारे कॅमेरे निघाले तेव्हां कोठें ती कामास आली. वजन एकसारखें चढवीत व उतरवीत राहिल्यास ते अंशाच्या हजाराव्या भागापर्यंतचा फरक ओळखतात.

आतां खरी गोम ऐका. पत्र्याच्या प्रत्येक बिंदूवर परस्परांशीं काटकोनांत असे दोन मुख्य ताण असतात. प्रकाश सांगतो तो केवळ त्यांच्या वजाबाकीचा आंकडा. ती ४ आली, तर मूळ ताण ५ आणि १ असतील, किंवा १०४ आणि १००! दोन्ही ताण समान असले तर प्रकाशास कांहींच दिसत नाहीं. उलट उष्णता सांगते ती त्यांची बेरीज. म्हणून पिळलेल्या दांड्यांत, जेथें एका दिशेची ओढ व दुसऱ्या दिशेचा दाब सारखेच असतात, तेथें ती मुकी राहते. परंतु वजाबाकी ४ आणि बेरीज १० अशा दोन्ही साक्षी हातीं आल्या, कीं ताण ७ व ३ हें बीजगणित नुकतेंच शिकूं लागलेला मुलगाहि सांगेल.

दोन्ही एकाच वेळीं घेण्याची युक्ति १९९० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत सिद्ध झाली. धातूवर पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ थर चमकदार गोंदानें चिकटवितात. दृश्य प्रकाश त्यांतून आरपार जाऊन, धातूवर आपटून, रंग घेऊन परततो. उष्णतेच्या किरणांस मात्र तोच थर अपारदर्शक असल्यामुळें कॅमेऱ्यास थराचेंच उष्णतामान दिसतें. धातु जितका ताणतो तितका थर ताणतो, म्हणून हिशेब जुळतो. अडचण एक आहे. वजन झपाट्यानें चढलें-उतरलें पाहिजे. सावकाश चढविल्यास उष्णता इकडे तिकडे पसरून साक्ष बिघडते, आणि पुलाच्या स्वतःच्या वजनासारखा स्थिर ताण तर उष्णतेस मुळींच कळत नाहीं.

या पद्धतीची परीक्षाहि तिच्यांतच आहे. भोंकाच्या अगदीं कडेवर, कडेशीं काटकोनांत असलेला ताण शून्य असतो. कारण तेथें ओढावयास पलीकडे पदार्थच नाहीं. दोन ताणांपैकीं एक शून्य असल्यावर बेरीज व वजाबाकी यांचे आंकडे एकच आले पाहिजेत. म्हणून प्रयोग करणारे प्रथम भोंकाची कडच तपासतात. तेथें दोन्ही साक्षी जुळल्या नाहींत, तर मांडणींत कोठें तरी चूक राहिली असें ठरवून सर्व उपकरणें पुन्हां जुळवावयास घेतात.