सुकेळी शिकवणारी आई

वसईबाहेरच्या माणसाला सुकेळी म्हटली की त्याच्या डोळ्यांपुढे वेफर्स येतात. सुकेळी म्हणजे राजेळी जातीचं पिकलेलं केळं सोलून, अख्खंच्या अख्खं उन्हात वाळवलेलं. रंग गडद मधाचा, चव खजूर आणि अंजिराच्या मधली. साखर नाही, मीठ नाही, तेल नाही. आमच्या घरी रमजानात इफ्तारीच्या बशीत खजुराशेजारी सुकेळं असायचं आणि आम्हा मुलांचा हात आधी तिकडेच जायचा.

या कामात आगाशीचं नाव जुनं आहे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ सालच्या सरकारी गॅझेटियरातही आगाशीच्या वाळवलेल्या केळ्यांची नोंद सापडते. आता मात्र सुकेळी करणारी घरं थोडीच उरली आहेत. त्यातल्याच एका ओळखीच्या वाडीत मी हिवाळ्यात चार-पाच दिवस जाऊन बसले. घरातली आई दोन मुलींना हे काम शिकवत होती. थोरली विरारला चौथ्या मजल्यावर नांदते, धाकटी कॉलेजात जाते.

पहिला धडा पिकवण्याचा. घड पेंढ्यात, सुक्या पानांत दडपून उबेला ठेवायचा. केळं पिकतं तेव्हा त्यातल्या पिठाची साखर होते. ती पुरती झाली नसेल तर सुकेळं चामड्यासारखं होतं. फार पिकलं तर सोलतानाच हातात मोडतं. नेमका दिवस कोणता? आई तारीख सांगत नव्हती. मुलींच्या हातात केळं देऊन म्हणायची, "बाय, दाबून बघ." मग दुसरं द्यायची, मग तिसरं. पाककृतीच्या पुस्तकात हे कुठल्या मापात लिहायचं, मला तरी सुचत नाही.

सोललेली केळी तट्ट्यावर एकमेकांना न चिकटता मांडायची, दिवसातून परतायची. संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून सुक्या पानांत झाकून ठेवायची. सकाळी पुन्हा उन्हात. असं साधारण आठवडाभर.

"आये, ओव्हनमध्ये नाही का व्हायचं?" थोरलीने विचारलं. प्रश्न रास्त होता; तिच्याकडे अंगण नाही.

"होईल. पण रात्रभर झाकून ठेवायला विसरू नकोस."

या झाकण्यातच सगळी मेख आहे. केळं भराभर वाळलं तर वरची साल घट्ट होते आणि आतलं पाणी आतच कोंडतं. मग ते आंबतं. रात्री झाकून ठेवल्यावर गाभ्यातला ओलावा हळूहळू वर येतो, तो दुसऱ्या दिवशीचं ऊन घेऊन जातं. पाणी कमी होत जातं तशी साखर दाट होते. उरलेलं पाणी ती धरून ठेवते, बुरशीला आणि जंतूंना मिळू देत नाही. म्हणून हा पदार्थ टिकतो. जपानात पर्सिमन नावाचं फळ सोलून, टांगून वाळवतात आणि अधूनमधून हाताने हलकेच चोळतात, तेही आतला ओलावा सारखा पसरावा म्हणूनच.

खरी अडचण केळ्याचीच आहे. राजेळीचं झाड उंच, वाऱ्याला भिणारं. घड भरला की टेकू द्यावा लागतो. त्याला गोडं पाणी आणि राबणारी माणसं हवीत. वसईच्या विहिरींचं पाणी टँकरने उपसलं गेलं, काही ठिकाणी ते मचूळ झालं. वाड्यांवर इमारती आल्या. त्याविरुद्ध १९८९ साली हरित वसईचं आंदोलन उभं राहिलं, म्हणून निदान थोडी हिरवाई वाचली. पण वाडी राहिली तरी तीत राजेळी लावणारा हात हवा, आणि राजेळी नसेल तर या मुली शिकून करणार काय? दुसऱ्या केळ्याला ही चव येत नाही, असं आईचं ठाम मत आहे. मीही खाऊन पाहिलंय. मला तिचं पटतं.

शेवटच्या दिवशी सुकेळी एकावर एक दाबून, केळीच्या सुक्या पानात गुंडाळून सोपटाने करकचून बांधली. धाकटीची पुडी दोनदा सुटली. आईने ती बांधून दिली नाही.

थोरली मात्र सोललेली वीस केळी डब्यात घालून विरारला घेऊन गेली. गॅलरीत ऊन दुपारी दोनपर्यंतच येतं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. आईने एकच विचारलं, "वास कसा येतो? गोड की आंबट?"

तिकडून उत्तर यायला जरा वेळ लागला. "गोडच वाटतोय."

"मग परत. आणि संध्याकाळी झाक."