तीन काठ्यांची तारीख

आमच्या महाविद्यालयात एका दिवसाचे विज्ञान प्रदर्शन भरले होते. मुलांनी संगणकावर देखणे भित्तिपत्रक तयार केले. वर प्रदर्शनाचे नाव मोठ्या, तिरप्या, डौलदार इंग्रजी अक्षरांत. खाली त्याच वळणाच्या बारीक अंकांत तारीख : 10. आणि 11 तारखेला सकाळी एक आजोबा नातवाला घेऊन हजर! सभागृहात फक्त टेबले उरली होती. नातवाचे तोंड एवढेसे झाले.

मी ते पत्रक काढून पुन्हा पाहिले. शून्याच्या दोन जाड बाजू तेवढ्या दिसत होत्या. त्यांना वर आणि खाली जोडणारी नाजूक वळणे जणू पुसली गेली होती. एकाची एक काठी आणि शून्याच्या जवळजवळ उभ्या दोन काठ्या. आजोबांनी त्या दोन्ही मिळून एक काठी धरली आणि 11 वाचले. चूक आजोबांची नव्हती, अक्षराचीही नव्हती. मग कोणाची?

हे वळण बोडोनीचे. जांबात्तिस्ता बोडोनी (1740–1813) हा इटलीतील पार्मा येथील राजमुद्रणालयाचा प्रमुख. जाड रेघ भरपूर जाड, बारीक रेघ केसासारखी आणि अक्षराच्या टोकाचे पाय म्हणजे नुसती आडवी रेषा, ही त्याच्या अक्षराची ओळख. त्याचे तिरपे रूप, म्हणजे इटॅलिक, तर फारच सुंदर. तिरप्या अक्षरांची चाल त्याच्याही आधीची. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने 1501 मध्ये हाताच्या लिखाणावरून बेतलेल्या तिरप्या अक्षरांत पुस्तक छापले होते. पण जाड आणि बारीक यांतला फरक बोडोनीने जितका ताणला, तितका आल्दुसच्या काळच्या खडबडीत कागदावर उमटलाच नसता.

आता थोडे गणित करू. छापखान्यात अक्षराचा आकार पॉइंटमध्ये मोजतात. 1 पॉइंट म्हणजे सुमारे 0.35 मिलिमीटर. समजा, 72 पॉइंटच्या अक्षरात जाड रेघ 3 मिलिमीटर आणि बारीक रेघ 0.2 मिलिमीटर आहे. तेच अक्षर 9 पॉइंटचे केले, म्हणजे आठपट लहान केले, तर जाड रेघ सुमारे 0.38 मिलिमीटर राहील आणि बारीक रेघ 0.025 मिलिमीटर होईल. निरोगी डोळा साधारणपणे 1 मिनिटाचा कोन, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, वेगळा ओळखतो. 30 सेंटिमीटरवरून पाहताना हा कोन सुमारे 0.09 मिलिमीटरचा होतो. आपली बारीक रेघ त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी!

तुम्ही विचाराल, मग दूरच्या खांबांवरची विजेची तार आकाशात दिसते ती कशी? रास्त शंका आहे. एवढी बारीक रेघ नाहीशी होत नाही, फिकट होते. डोळ्याच्या पडद्यावर तिची प्रतिमा पसरते आणि तिचा काळेपणा आजूबाजूच्या पांढऱ्यात वाटला जातो. संगणकाच्या पडद्यावरही तेच. इंचाला 96 ठिपके असतील तर एक ठिपका सुमारे 0.26 मिलिमीटरचा, त्याचा दहावा भाग काळा करता येत नाही, म्हणून संपूर्ण ठिपका फिकट करड्या रंगाचा केला जातो. वृद्ध डोळ्यांना हे करडेपण पुरत नाही.

शिशाच्या खिळ्यांच्या काळी ही अडचण कमी भासे, आणि त्याला दोन कारणे होती. एक म्हणजे शाई. दाबाखाली ती रेघेच्या दोन्ही कडांना थोडी पसरते. समजा, प्रत्येक कडेला 0.02 मिलिमीटर पसरली, तर 0.025 ची रेघ 0.065 ची होते. जाड रेघेत मात्र नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. प्रत्येक आकारासाठी पोलादी ठसा वेगळा कोरावा लागे. कारागीर लहान अक्षराची बारीक रेघ प्रमाणापेक्षा जाडच ठेवी. आज आपण एकच आकृती बटण दाबून लहानमोठी करतो आणि फसतो.

गॅलिलिओने 1638 च्या ग्रंथात हीच गोष्ट हाडांबद्दल सांगितली आहे. प्राणी मोठा झाला, तर त्याची हाडे नुसत्या प्रमाणात वाढून भागत नाही, ती अधिकच जाड लागतात. अक्षराचे उलटे आहे : ते लहान झाले की त्याची रेघ प्रमाणाहून जाड हवी. 1994 मध्ये आलेल्या ‘आयटीसी बोडोनी’ या संगणकीय अक्षरसंचात म्हणूनच 6, 12 आणि 72 पॉइंटसाठी तीन निरनिराळी रेखाटने आहेत.

बारीक रेघांविरुद्धची प्रत्येक तक्रार खरी असते असे मात्र नाही. बोडोनीच्या आधी इंग्लंडात जॉन बास्करव्हिलच्या अक्षरांनी डोळे दुखतात, अशी ओरड झाली होती. आपले पतंगवाले बेंजामिन फ्रँकलिन गंमतीदार गृहस्थ. असे म्हणणाऱ्या एका सद्गृहस्थापुढे त्यांनी कॅस्लनच्या अक्षरांचा नमुना बास्करव्हिलचा म्हणून ठेवला. गृहस्थांनी त्यातही तेच दोष काढून दाखवले! 1760 साली फ्रँकलिननी हा किस्सा स्वतः बास्करव्हिलला पत्राने कळवला.

म्हणून स्वतः पाहा. 0.3 मिलिमीटरच्या पेनाने एक रेघ ओढा, शेजारी जाड रेघ ओढा, कागद भिंतीवर लावा आणि मागे सरकत जा. गणिताने 1 मीटरच्या आसपास बारीक रेघेचा कोन 1 मिनिट होतो. ती कोठे करडी होऊ लागते, याची नोंद करा. मग आजीला चष्मा लावून उभे करा आणि तिचे अंतर मोजा.

आमच्या मुलांनीही मोजले. यंदाच्या पत्रकावर नाव बोडोनीच्याच तिरप्या अक्षरांत आहे. तारीख साध्या, जाडजूड अंकांत आहे आणि त्या आजोबांना वेगळे निमंत्रण गेले आहे.