मिस मनीपेनी: बॉन्डच्या ऑफिसातल्या त्या टेबलामागे बसलेल्या अभिनेत्रींमध्ये सरस कोण?

जेम्स बॉन्डचा सिनेमा म्हटला की काही गोष्टी ठरलेल्या असतात. पाठलाग, भन्नाट गाडी, विक्षिप्त खलनायक आणि 'बॉन्ड, जेम्स बॉन्ड' अशी ओळख. या सगळ्याच्या मध्ये एक छोटासा प्रसंगही असतो. बॉन्ड साहेबांच्या केबिनबाहेरच्या खोलीत येतो, लांबूनच टोपी खुंटीवर फेकतो आणि टेबलामागे बसलेल्या बाईंशी थट्टा करतो. त्याही तेवढ्याच तत्परतेने टोला परतवतात. मग इंटरकॉमवर साहेबांचा आवाज येतो आणि बॉन्डला निमूटपणे आत जावं लागतं.

या बाई म्हणजे मिस मनीपेनी. ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे प्रमुख 'एम' यांच्या सेक्रेटरी.

इऑन प्रॉडक्शन्सच्या मुख्य मालिकेत १९६२ ते २०२१ या काळात २५ बॉन्डपट आले. त्यातल्या २३ चित्रपटांत मनीपेनी आहे. बॉन्ड सहा जणांनी साकारला, मनीपेनी चौघींनी. लोइस मॅक्सवेल १४ चित्रपटांत, कॅरोलाइन ब्लिस दोन, समँथा बॉन्ड चार आणि नेओमी हॅरिस तीन. मुख्य मालिकेबाहेरच्या चित्रपटांत आणखी दोघी आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊच.

बॉन्ड कोणाचा भारी, यावर चाहते वर्षानुवर्षं भांडतात. मनीपेनी कोणाची भारी, हा वाद मात्र 'कोण जास्त गोड दिसते' इथवर येऊन थांबतो. खरं तर या भूमिकेची तुलना करायला त्याहून चांगली कसोटी आहे. बॉन्ड खोलीतून निघून गेला, की त्या टेबलावर नेमकं काय होतं?

नाव आलं कुठून?

इयान फ्लेमिंगची पहिली बॉन्ड कादंबरी 'कॅसिनो रोयाल' १९५३ साली आली. मनीपेनी तिच्यातही आहे. पहिल्या मसुद्यात मात्र तिचं आडनाव 'पेटावल' होतं. ब्रिटनच्या खऱ्या गुप्तहेर खात्याचे प्रमुख स्टुअर्ट मेंझीस यांच्या सहायक कॅथलीन पेटिग्रू यांच्या नावाशी ते फारच जुळणारं होतं. पुढे फ्लेमिंगने ते बदललं.

आणखी एक गंमत म्हणजे कादंबऱ्यांमध्ये बॉन्डची स्वतःची वेगळी सेक्रेटरी आहे, लोएलिया पॉन्सनबी. चित्रपटांनी तिला वगळलं आणि ऑफिसातली सगळी थट्टामस्करी मनीपेनीकडे सोपवली. म्हणजे आपण ओळखतो ती मनीपेनी कादंबरीपेक्षा पडद्यावर घडली. तिला घडवलं लोइस मॅक्सवेलने.

लोइस मॅक्सवेल: नाकारलेली भूमिका आणि २३ वर्षं

कॅनडात जन्मलेल्या लोइस मॅक्सवेलला तरुणपणीच, 'दॅट हेगन गर्ल' या १९४७ सालच्या चित्रपटासाठी, नवोदित कलाकाराचं गोल्डन ग्लोब मिळालं होतं. 'डॉ. नो'च्या वेळी मात्र घरची परिस्थिती बिकट होती. नवरा गंभीर आजारी, पदरात दोन लहान मुलं. तिने ओळखीच्या मंडळींकडे काम मागितलं. दिग्दर्शक टेरेन्स यंग यांनी तिच्यापुढे दोन भूमिका ठेवल्या. एक बॉन्डची मैत्रीण सिल्व्हिया ट्रेंच, दुसरी मनीपेनी. सिल्व्हियाच्या प्रसंगातले तोकडे कपडे तिला रुचेनात. तिने टेबलामागची भूमिका घेतली.

सिल्व्हिया ट्रेंच दोन चित्रपटांत आटोपली. मनीपेनी म्हणून मॅक्सवेल १९६२ ते १९८५ अशी २३ वर्षं टिकली. शॉन कॉनरी, जॉर्ज लेझनबी आणि रॉजर मूर या तिन्ही बॉन्डना तिने तोंड दिलं!

तिची खासियत अशी, की ती बॉन्डवर भाळलेली असली तरी भोळी कधीच वाटली नाही. हा माणूस आपला होणार नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, आणि हे तिला ठाऊक आहे हे बॉन्डलाही कळतं. त्यामुळे त्यांचं बोलणं दोन जुन्या सहकाऱ्यांच्या खेळासारखं वाटतं. 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस'मध्ये (१९६७) ती नौदलाच्या गणवेशात त्याला परवलीचे शब्द सांगते. ते शब्द 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' या अर्थाचे असतात. वर ती त्याला ते म्हणून दाखवायला सांगते! तो अर्थातच निसटतो.

पण मॅक्सवेलचा खरा कस लागला तो 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस'मध्ये (१९६९). ब्लोफेल्डला शोधायच्या कामावरून एम बॉन्डला काढून टाकतात. चिडलेला बॉन्ड मनीपेनीला राजीनामा टाइप करायला सांगतो. थोड्या वेळाने त्याला कळतं, की अर्ज मंजूर झाला. आता संपलंच, असं त्याला वाटतं. आणि मग उलगडा होतो, की मनीपेनीने राजीनाम्याऐवजी दोन आठवड्यांच्या रजेचा अर्ज टाइप केला होता. बॉन्डचा राग शांत झाला, एमचा सर्वोत्तम हेर खात्यातच राहिला. दोघेही मनातून हेच हवं म्हणत होते आणि दोघांच्याही तोंडून ते निघत नव्हतं. शेवटी बॉन्डच्या लग्नात ती डोळे पुसते आणि तो जाता जाता आपली टोपी तिच्याकडे फेकतो.

तो बदललेला अर्ज लक्षात ठेवा. पुढची सगळी तुलना त्याच्याशी करायची आहे.

१९८५: एकाच वयाचे दोघे, पण…

रॉजर मूर आणि लोइस मॅक्सवेल दोघांचाही जन्म १९२७ सालचा. लंडनच्या 'राडा' या नाट्यसंस्थेत ते एकत्र शिकले होते. 'अ व्ह्यू टू अ किल'नंतर (१९८५) दोघेही मालिकेतून बाहेर पडले.

पुढचा बॉन्ड टिमोथी डाल्टन १९४६ साली जन्मलेला. नवी मनीपेनी कॅरोलाइन ब्लिस १९६१ सालची, म्हणजे बॉन्डहून १५ वर्षांनी लहान. गंमत बघा, मॅक्सवेल कॉनरीपेक्षा तीन वर्षांनी मोठी होती आणि त्यांच्या थट्टेतली बरोबरी त्यातूनच आलेली होती. ही बरोबरी १९८७ साली गेली.

मॅक्सवेलची एक इच्छा मात्र अपुरी राहिली. एम साकारणारे बर्नार्ड ली १९८१ साली वारले, तेव्हा मनीपेनीला बढती मिळून तिने एम व्हावं असं तिला वाटत होतं. ती उत्तम एम झाली असती, असं तिच्या निधनानंतर २००७ साली रॉजर मूर यांनीही म्हटलं. १९८३ साली ती खुर्ची रॉबर्ट ब्राउन यांना मिळाली. पुढे १९९५ साली ज्युडी डेंचच्या रूपाने एम बाई झाल्या खऱ्या, पण दोन दशकं केबिनबाहेर बसलेल्या बाईला ती केबिन मिळाली नाही. हे ऑफिसात काम केलेल्या कोणाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

कॅरोलाइन ब्लिस: एक फोन

ब्लिसच्या वाट्याला दोनच चित्रपट आले आणि तिच्यावर टीकाही बरीच होते. 'द लिव्हिंग डेलाइट्स'मध्ये (१९८७) चष्मा लावलेली ही मनीपेनी बॉन्डला घरी गाणी ऐकायला बोलावते. इथे टोल्याला प्रतिटोला नाही, एकतर्फी ओढ आहे.

पण 'लायसन्स टू किल' (१९८९) पुन्हा पाहा. बॉन्ड खात्याशी भांडून एकटाच सूड घ्यायला निघालाय. काळजीने मनीपेनीच्या टायपिंगमध्ये चुका होतायत, एम तिला झापतात. बॉन्ड आणि तिची या चित्रपटात भेटही होत नाही. एम पाठ फिरवतात आणि ती गुपचूप फोन उचलून क्यूच्या विभागाला लावते. पुढे क्यू शस्त्रांची बॅग घेऊन बॉन्डच्या मदतीला हजर! एका मिनिटाचाही प्रसंग नसेल, पण आधीचा रजेचा अर्ज आणि हा फोन ही एकाच हाताची कामं आहेत.

मालिकेबाहेरच्या दोघी, त्यातली एक मुंबईची

१९६७ साली 'कॅसिनो रोयाल' नावाचा एक विडंबनपट आला. त्यात बार्बरा बुशे मनीपेनीच्या मुलीच्या भूमिकेत होती.

१९८३ साली तर पडद्यावर दोन मनीपेनी झाल्या. 'ऑक्टोपसी'मध्ये मॅक्सवेल आणि हक्कांच्या जुन्या वादातून स्वतंत्रपणे निघालेल्या 'नेव्हर से नेव्हर अगेन'मध्ये पामेला सेलम. सेलमचा जन्म १९४४ सालचा, मुंबईतला. तिकडे 'ऑक्टोपसी'चं चित्रीकरण उदयपूरला झालेलं. म्हणजे त्या वर्षी मनीपेनी कोणतीही घ्या, भारताशी धागा होताच. सेलमला काम फार थोडं मिळालं, त्यामुळे तिला मॅक्सवेलसोबत तोलणं अन्यायाचं होईल.

समँथा बॉन्ड: उत्तर देणारी मनीपेनी

सहा वर्षांच्या खंडानंतर १९९५ साली 'गोल्डनआय' आला. बॉन्ड पिअर्स ब्रॉस्नन, मनीपेनी समँथा बॉन्ड. (हो, आडनाव खरंच बॉन्ड!) तिचा जन्मही १९६१ सालचाच, ब्लिसच्याच वर्षीचा. पण पडद्यावर ती कितीतरी प्रौढ आणि आत्मविश्वासाची वाटते. वयापेक्षा संवाद काय लिहिलेत याने किती फरक पडतो, त्याचा हा पुरावाच.

पहिल्याच प्रसंगात ती बाहेरून, एका गृहस्थांसोबतचा कार्यक्रम सोडून आलेली आहे. म्हणजे ती बॉन्डची वाट बघत बसलेली नाही. त्याच्या शेऱ्यांवर ती सुनावते, की अशा वागण्याला लैंगिक छळ म्हणता येईल. तेहतीस वर्षं चाललेल्या थट्टेला मालिकेने पहिल्यांदा दुसरं नाव दिलं. अर्थात प्रसंग तिथे थांबत नाही. लगेच ती त्याला नुसतं बोलतोस, करत काहीच नाहीस, असंही चिडवते. चित्रपटाला नवं काहीतरी म्हणायचं होतं, पण जुनी गंमत सोडवत नव्हती.

आणि मग 'डाय अनदर डे' (२००२). शेवटी मनीपेनी बॉन्डच्या मिठीत दिसते आणि कळतं, की ती क्यूच्या यंत्राचा चष्मा लावून स्वप्नरंजन करत होती. प्रेक्षक हसले. पण सात वर्षं जिने बॉन्डला जागेवर ठेवलं, तिला चोरून स्वप्नं बघताना पकडलं गेलं. समँथा बॉन्डचा अभिनय इथेही चोख आहे. तोल पटकथेचा गेलाय.

नेओमी हॅरिस: आधी बंदूक, मग टेबल

डॅनियल क्रेगच्या पहिल्या दोन चित्रपटांत, म्हणजे 'कॅसिनो रोयाल' (२००६) आणि 'क्वांटम ऑफ सोलेस'मध्ये (२००८), मनीपेनी नाहीच. 'स्कायफॉल'मध्ये (२०१२) ती आली ती वेगळ्याच वाटेने. सुरुवातीला आपल्याला फक्त एक महिला हेर दिसते. धावत्या रेल्वेच्या टपावर बॉन्ड झुंजतोय, नेम धरायला जागा नाही, आणि कानात एमचा हुकूम येतो, गोळी झाड. ती झाडते आणि ती बॉन्डलाच लागते. चित्रपटाच्या शेवटी ती टेबलावरची नोकरी पत्करते आणि तेव्हाच आपलं नाव सांगते, ईव्ह मनीपेनी. पडद्यावर तिला पन्नास वर्षांनी पहिलं नाव मिळालं. ही भूमिका करणारी नेओमी हॅरिस पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री.

यावर दोन मतं आहेत. काहींना वाटतं, मनीपेनीला अखेर मैदान मिळालं. काहींचा आक्षेप असा, की मैदानात चूक करून बाई परत टेबलावर बसली, यात कसली प्रगती?

पण आपल्या कसोटीवर पाहिलं, तर चित्र वेगळं दिसतं. मनीपेनीने हुकूम पाळला तेव्हा गोळी चुकली. 'स्पेक्टर'मध्ये (२०१५) ती स्वतःच्या निर्णयाने, एमना अंधारात ठेवून बॉन्डला माहिती काढून देते आणि गोष्ट पुढे सरकते. त्याच चित्रपटात बॉन्ड रात्री फोन करतो तेव्हा तिच्याकडे कोणीतरी आलेलं असतं. बॉन्डला नवल वाटतं, तर ती त्याला यालाच आयुष्य म्हणतात असं ऐकवते. 'नो टाइम टू डाय'मध्ये (२०२१) एम दाद देत नाहीत, तेव्हा बॉन्डला क्यूच्या घरी घेऊन जाते तीच.

मग सरस कोण?

चार-दोन मिनिटांच्या भूमिकेत सर्वांत पूर्ण माणूस उभा केला तो लोइस मॅक्सवेलने. सर्वांत धारदार उत्तरं समँथा बॉन्डकडे आहेत. सर्वांत मोठं आयुष्य नेओमी हॅरिसला मिळालं. आणि ब्लिसला आपण वाटतं त्यापेक्षा थोडं अधिक श्रेय द्यायला हवं.

पण चौघींना जोडणारा धागा थट्टेचा नाही. बॉन्ड बाहेर पडल्यावर, साहेबांची पाठ वळल्यावर मनीपेनी जे करते, तो खरा धागा. बदललेला अर्ज, गुपचूप लावलेला फोन, एमना न सांगता पुरवलेली माहिती. बॉन्डच्या हातात मारायचा परवाना आहे. हे खातं चालतं कसं, आणि कुठे अडलं तर कुठून वाट काढायची, हे मात्र तिला कळतं. प्रत्येक ऑफिसात असं एक माणूस असतं. साहेब बदलतात, हिरो बदलतात, बढतीच्या यादीत त्याचं नाव येत नाही, आणि ते रजेवर गेलं की सगळ्यांची धांदल उडते.

पुढचा बॉन्डपट येईल तेव्हा बॉन्ड नवा असेल. टेबलामागे कोण बसते, तेही बघायला विसरू नका. आणि तुमची आवडती मनीपेनी कोण, ते आम्हाला नक्की कळवा!