परदेशी नेलेला संगणक सुरूच होत नाही?

कोकणातली कितीतरी कुटुंबे दुबई, कुवेत, कतारला बिऱ्हाड हलवतात. मुलांचा अभ्यास, लग्नाचे फोटो, दाखल्यांच्या प्रती साठवलेला घरचा संगणकही सामानात जातो. तिथे पोहोचून बटण दाबावे, तर नुसती शांतता! अशा वेळी घाबरू नका. क्रमाने तपासा.

आधी वीज पाहा. भारतात घरगुती वीज २३० व्होल्टची. दुबई, कुवेत, कतारलाही जवळपास तेवढीच. अमेरिकेत मात्र १२०. काही संगणकांच्या पाठीमागे ११५/२३० असा छोटा खटका असतो. इथला संगणक २३० वर ठेवून अमेरिकेत लावला, तर तो बहुधा नुसता सुरू होत नाही. पण तिकडून ११५ वर ठेवलेला संगणक इथे लावला, तर पॉवर सप्लाय जळतो. खटका नसेल तर लेबल वाचा. १००-२४० लिहिले असेल तर दोन्हीकडे चालतो. आखातात प्लगच्या पिना चौकोनी असतात. तिथली तीन पिनांची केबल घ्या, अर्थिंगची पिन तोडू नका. मागचे I/O बटण I वर आहे ना, तेही पाहा.

मग प्रवासातले धक्के. पंखा फिरतो पण पडदा काळा, तर रॅम सैल झालेली असू शकते. केबल काढून सुरू करायचे बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या धातूला हात लावा. मग रॅम काढून पुन्हा बसवा. क्लिपचा ‘टक’ आवाज यायला हवा. ग्राफिक्स कार्ड आणि आतल्या केबलीही दाबून पाहा. प्रोसेसरवरचा जड पंखा निखळला असेल, तर संगणक सुरू करू नका. घड्याळ प्रत्येक वेळी चुकत असेल, तर सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल बदला.

पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीही उघडू नका. केबल काढल्यावरही आत वीज साठलेली असते.

एवढे करूनही यश आले नाही, तर दुकानदाराला आधीच बजावा : ‘डिस्क फॉरमॅट करू नका.’ पॉवर सप्लाय जळला तरी डिस्क अनेकदा शाबूत असते. ती दुसऱ्या संगणकाला जोडून फोटो, कागदपत्रे काढता येतात.

आणि ज्यांचे सामान अजून बांधायचे आहे, त्यांनी एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन हातातल्या बॅगेत ठेवावी. संगणक नवा मिळेल, आजीचा फोटो मिळणार नाही.