एकट्याचे नुकसान, सर्वांचा दावा

विक्रेता आणि ग्राहक समान माहितीच्या आधारे सौदा करतात, हे अर्थशास्त्राचे जुने गृहीतक आहे. मोटारीसारख्या गुंतागुंतीच्या वस्तूबाबत ते टिकत नाही. यंत्रातील दोष ग्राहकाला उमगतो तो पैसे मोजून झाल्यावर. हमीपत्र असते ते त्यासाठीच. परंतु हमी असूनही दोष हटत नसेल, तर ग्राहकाने काय करावे?

अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या फिएस्टा (२०११ ते २०१६) आणि फोकस (२०१२ ते २०१६) या मोटारींबाबत हाच प्रश्न उभा राहिला. त्यांच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये दोन कोरडे क्लच होते. गाडी थरथरते, वेग घेताना अडखळते आणि दुरुस्तीनंतरही दोष पुन्हा डोके वर काढतो, अशा तक्रारी आल्या. एकेकट्याने न्यायालयात जावे, तर वकिलाचा खर्च नुकसानीहून अधिक. म्हणून सुमारे १९ लाख आजी-माजी मालकांच्या वतीने समूहदावा चालला.

या दाव्याचे मर्म साध्या गुणाकारात आहे. प्रत्येकाचे नुकसान लहान म्हणून कोणीच भांडत नाही आणि सर्वांचे मिळून झालेले मोठे नुकसान कारखानदाराच्या हिशेबात येतच नाही. समूहदावा ते त्याच्या खतावणीत आणून मांडतो.

तथापि हे रामबाण औषध नव्हे. २०१७ मध्ये मंजूर झालेली तडजोड न्याय्य आहे की नाही याची पुरेशी छाननी झाली नाही, म्हणून अपील न्यायालयाने २०१९ मध्ये ती मंजुरी रद्द केली. २०२० मध्ये सुधारित तडजोड मान्य झाली. तीत कंपनीने किमान ३ कोटी डॉलर देण्याचे पत्करले. १९ लाखांनी भागले, तर ही किमान रक्कम माणशी जेमतेम १६ डॉलर भरते. समूहाच्या नावाने झालेल्या तडजोडीवरही समूहाची नजर हवी, ती याचसाठी.

आपल्याकडे १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशी सोय होती आणि २०१९ च्या कायद्याच्या कलम ३५ मध्ये ती कायम आहे. समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एक ग्राहकही आयोगाच्या परवानगीने तक्रार करू शकतो. मात्र हितसंबंधांचे हे साम्य सिद्ध करावे लागते. दुरुस्तीची प्रत्येक पावती जपणे आणि ती दुसऱ्याच्या पावतीशी ताडून पाहणे, ही त्या साम्याच्या पुराव्याची सुरुवात होय. कायद्याने दार उघडले आहे. आत मात्र ग्राहकांनी मिळूनच जावयाचे आहे.